कुंपणच शेत खाते तेव्हा

चेन्नई बीच स्थानकातून निघालेली उपनगरी गाडी एग्मोर, माम्बलम, गिंडी, पल्लावरम अशी स्थानके मागे टाकीत दक्षिणेकडे जाऊ लागली म्हणजे तांबरमच्या अगदी अलीकडे एक लहानसे स्थानक लागते. फलाटावरील पाटीवर नाव असते ‘तांबरम सॅनेटोरियम’. एखाद्या रुग्णालयाच्या नावाने रेल्वेचे स्थानक ओळखले जावे, हा मान फार थोड्या संस्थांना लाभला असेल. १९२८ साली डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी क्षयरोग्यांसाठी बारा खाटांचे आरोग्यधाम येथे उघडले. हेच डॉक्टर त्यापूर्वी इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांवर आरोग्यधाम चालवीत असत आणि थोर गणिती श्रीनिवास रामानुजन् यांनी आपल्या आजारपणातील काही काळ त्यांच्याच देखरेखीखाली काढला होता. १९३७ साली सरकारने तांबरमचे हे आरोग्यधाम आपल्याकडे घेतले. आज ते शासकीय वक्षरोग रुग्णालय म्हणून चालते आणि लांबलांबच्या गावांहून रोगी तेथे येतात.

१९९३ पासून या रुग्णालयाने एड्सच्या रोग्यांनाही आपली दारे उघडली. ज्या काळात या रोगाचे नाव काढताच शेजारी दार लावून घेत, त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. या रोगाचा आपल्या देशातील पहिला सुगावाही याच शहरात लागला होता. १९८६ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधून काढले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय घराण्यातल्या. १९९३ साली त्यांनी काढलेल्या सेवासंस्थेलाही गायतोंडे हेच नाव आहे. २०१५ साली त्या निवर्तल्या.

मधुमेहावरील लेखात क्षय आणि एड्स यांचे पुराण कशासाठी, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण असे की, तांबरमच्या त्या रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेला, फारसे न शिकलेला रोगीसुद्धा एक शास्त्रीय शब्द सहज उच्चारतो: ‘सीडी-४’. “आपले सीडी-४ किती?” हा प्रश्न तेथे बाजारभावासारखा विचारला जातो. हे सीडी-४ म्हणजे आपल्या रक्तातील एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरचे प्रथिन. एचआयव्ही विषाणू याच प्रथिनाला पकडून पेशीत शिरतो व तिचा नाश करतो. म्हणून त्या पेशी मोजल्या की रोग्याच्या अंगी किती प्रतिकारशक्ती उरली आहे हे कळते. त्याच पेशी आणि त्यांच्या अंगावरची तीच प्रथिने मुलांच्या मधुमेहाच्या मुळाशी असतात. एका रोगात राखणदार मारले जातात. दुसऱ्या रोगात राखणदारच घरावर उलटतात. ते का उलटतात आणि त्यांना आवरता येते काय, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

एका घरातील गोष्ट

प्रथम एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. माणसे कल्पनेतील आहेत, पण प्रसंग अनेक घरांत घडलेला आहे. सातारकडील एक गृहस्थ वायुदलाच्या नोकरीनिमित्त तांबरमला बदलून आले आहेत. पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असा संसार. मुलगी चुणचुणीत, खेळकर. पण गेला महिनाभर ती सारखे पाणी मागते, रात्री तीन-तीनदा लघवीला उठते, आणि कधी नव्हे ती अंथरूणही ओले करू लागली आहे. खाणे वाढले, तरी फ्रॉक अंगावर सैल होत चालला. आईला वाटते, मद्रासकडचा उकाडा बाधला. शेजारीण म्हणते, वजन घटते आहे तर क्षय तर नव्हे? फोनवरून आजी विचारतात, “सूनबाई, पोरीला गोडधोड फार दिलंस का गं?” आणि आई बिचारी मनातल्या मनात दिलेल्या लाडवांचा हिशेब करू लागते. एके दिवशी मुलगी ओकू लागते, तिचे पोट दुखते, श्वास खोल व जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मग धावपळ होते. रक्त तपासले जाते आणि डॉक्टर सांगतात, “हा मधुमेह आहे. इन्सुलिन आजच सुरू करावे लागेल.”

आईचा पहिला प्रश्न असतो, “माझे काय चुकले?”

या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने आता पुष्कळसे शोधून काढले आहे. ते उत्तर असे की, बाई, तुमचे काहीही चुकलेले नाही. मात्र हे नुसते धीराचे शब्द नव्हेत, हे पटण्यासाठी शरीरातील राखणीची व्यवस्था समजून घेतली पाहिजे.

दोन निराळे मधुमेह

प्रौढांना होणारा, आपल्या देशात घरोघर आढळणारा मधुमेह हा दुसऱ्या प्रकारचा. त्यात इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. वाढते वजन, बैठे जीवन आणि आनुवंशिकता यांचा त्याच्याशी संबंध असतो. मुलांमध्ये मुख्यतः आढळणारा, पण कोणत्याही वयात होऊ शकणारा पहिला प्रकार अगदी वेगळा आहे. त्यात इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. प्रमेहाचे रोगी दोन तऱ्हेचे, एक जन्मतः प्रवृत्ती असलेले व कृश आणि दुसरे अपथ्याने रोगी झालेले व स्थूल, असा भेद सुश्रुतसंहितेतही केलेला आढळतो. त्या जुन्या निरीक्षणाचा मेळ आजच्या विभागणीशी तंतोतंत बसतो असे नाही. तरी रोगी पाहणाऱ्याची नजर किती सूक्ष्म होती हे त्यावरून दिसते.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. १८६९ साली लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने ती प्रथम पाहिली. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. इन्सुलिनवाचून रक्तातील साखर पेशींना वापरता येत नाही. शरीर मग चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल साठते, आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचण्यात आली. त्यापूर्वी अशा मुलांचे आईबाप त्यांच्या उशाशी बसून केवळ दिवस मोजीत असत.

पण बीटा पेशी नष्ट कशाने होतात, हे कोडे त्यानंतरही पन्नास वर्षे सुटले नव्हते. १९७४ साली लंडन येथील संशोधकांना अशा रोग्यांच्या रक्तात आपल्याच बेटांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड आढळले. चोर बाहेरचा नसून घरातलाच आहे, हे तेव्हा ध्यानी आले.

राखणदारांची शाळा

आपल्या शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत टी पेशींचे स्थान फार महत्त्वाचे आहे. त्या जन्मतात हाडांच्या मगजात, पण त्यांचे शिक्षण होते छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजे थायमसमध्ये. त्यावरूनच त्यांना ‘टी’ हे अक्षर मिळाले. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ साली जाक मिलर यांनी दाखवून दिले. तोवर ती निरुपयोगी समजली जात असे.

या शाळेत परीक्षा मोठी कडक असते. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांवर जोराने धावून जाणाऱ्या पेशी तेथेच नाहीशा केल्या जातात. त्यासाठी शरीरातील निरनिराळ्या प्रथिनांचे नमुने तेथे दाखविले जातात. अगदी थोडेसे इन्सुलिनही तेथे तयार होते. ज्यांच्या थायमसमध्ये इन्सुलिनचा हा नमुना जनुकीय कारणाने कमी तयार होतो, त्यांना या मधुमेहाचा धोका अधिक असतो असे दिसून आले आहे. धडा अपुरा शिकविला गेला, तर विद्यार्थी पुढे चुकणारच! शिवाय कितीही कडक परीक्षा घेतली तरी थोड्याफार चुकार पेशी निसटतातच. त्या तुमच्याआमच्या सर्वांच्या रक्तात आहेत. बहुतेकांच्या बाबतीत त्या आयुष्यभर स्वस्थ राहतात. थोड्यांच्या बाबतीत त्या उठाव करतात. हा भेद ठरतो तो मुख्यतः त्यांच्या अंगावरील प्रथिनांना मिळणाऱ्या इशाऱ्यांनी.

खूण पटते कशी?

टी पेशीला शत्रू आपल्या डोळ्यांनी दिसत नाही. तिला तो तबकात ठेवून दाखवावा लागतो. शरीरातील इतर पेशी आपल्याजवळच्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि एचएलए नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसवून ते पृष्ठभागावर मांडतात. टी पेशीच्या अंगावर एक ग्राही असतो. तो तबक आणि तुकडा असे दोन्ही मिळून ओळखतो. ही दुहेरी ओळख रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ च्या सुमारास दाखवून दिली. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु या ग्राहीची शेपटी फार तोकडी असते. खूण त्याला पटते, पण ती बातमी पेशीच्या आत पोचविणे त्याच्याने होत नाही. ते काम त्याच्या शेजारी उभी असलेली सीडी-३ नावाची प्रथिने करतात. चौकीतील पहारेकऱ्याने चोर ओळखावा आणि सोबत्याने घंटा वाजवावी, तसा हा प्रकार. तिसरा सोबती म्हणजे सीडी-४ किंवा सीडी-८. सीडी-४ असलेल्या पेशी बहुधा इतरांना हुकूम व चेतावणी देतात. सीडी-८ असलेल्या पेशी स्वतः जाऊन दूषित पेशीचा वध करतात. हा तिसरा सोबती तबकाला बाहेरून धरतो आणि आतल्या बाजूने एलसीके नावाचे एंझाइम जवळ आणतो. ते सीडी-३ च्या शेपट्यांवर फॉस्फेट चिकटविते. त्या खुणांवर झॅप-७० हे दुसरे एंझाइम येऊन बसते. मग पेशीत कॅल्शियम वाढते. कॅल्शियममुळे कॅल्सिन्यूरिन जागे होते. आणि अखेर केंद्रकातील जनुकांपर्यंत हुकूम पोचून पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार होऊ लागते. तार यंत्रातून खबर एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला जावी, तशी ही साखळी आहे.

मुभा आणि लगाम

एवढ्या मोठ्या शक्तीला एकाच किल्लीने उघडणारे कुलूप पुरणार नाही, हे निसर्गाने ओळखले आहे. खूण पटली तरी टी पेशीला दुसरी परवानगी लागते. ती सीडी-२८ या प्रथिनाच्या द्वारे मिळते. समोरच्या पेशीने संकटाची निशाणी दाखविली तरच ही परवानगी मिळते. नाही तर टी पेशी उलट मंद होऊन बसते.

आणि लगामही आहेत. लढाई सुरू झाली की टी पेशीच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ नावाचे प्रथिन येते. सीडी-२८ ज्या निशाणीला धरते, तिलाच हे अधिक घट्ट धरते आणि परवानगी काढून घेते. पीडी-१ हे दुसरे प्रथिन. पीडित अवयवातील पेशींनी ‘पुरे करा’ अशी विनवणी केली की ती याच्या द्वारे ऐकली जाते. स्वादुपिंडातील बीटा पेशी हल्ला होत असताना ही विनवणीची खूण आपल्या अंगावर मांडतात, असे दिसले आहे. या लगामांच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तो सन्मान मधुमेहासाठी नव्हता, कर्करोगासाठी होता. हे लगाम सोडले म्हणजे टी पेशी कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडतात, आणि त्या तत्त्वावर केलेल्या औषधांनी अनेकांचे प्राण वाचविले. पण या औषधांचा एक विलक्षण दुष्परिणाम आढळला. ती घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे एकाला, कित्येकदा उतारवयात, अवघ्या काही आठवड्यांत पहिल्या प्रकारचा मधुमेह जडतो. ज्यांना आयुष्यभर साखरेचा त्रास नव्हता त्यांचा लगाम सुटताच कुंपणाने शेत खाल्ले. चुकार पेशी आपल्या सर्वांच्या अंगी असतात आणि लगामच त्यांना रोखून धरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

लगामाची आणखी एक व्यवस्था आहे. काही टी पेशींचे कामच मुळी इतरांना शांत करण्याचे असते. शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ साली त्या सीडी-२५ या प्रथिनावरून ओळखल्या. पुढे २००१ साली मेरी ब्रंकॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-३ हे जनुक शोधून काढले. त्याच्यावाचून या शांतिरक्षक पेशी घडत नाहीत हे नंतर सिद्ध झाले. ज्या बालकांत हे जनुक जन्मतःच बिघडलेले असते, त्यांतील अनेकांना पाळण्यात असतानाच मधुमेह होतो. या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता सारे चित्र जुळवून पाहा. तबकाचा घाट असा की त्यात इन्सुलिनचा तुकडा विचित्र रीतीने बसावा. शाळेतील धडा थोडा अपुरा. लगाम थोडे ढिले. त्यात कदाचित एखाद्या विषाणूची लागण होऊन संकटाची निशाणी फडकावी. आणि चुकार पेशींनी जागे व्हावे. सीडी-४ पेशी चिथावणी देतात, सीडी-८ पेशी बीटा पेशींचा वध करतात. हे एका दिवसात होत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. बाहेरून मूल हसत-खेळत असते. बीटा पेशींचा मोठा भाग गेल्यावर तहान लागते आणि फ्रॉक सैल होतो. म्हणजे आईने लाडवांचा हिशेब मांडायला घेतला, त्याच्या कितीतरी आधी शेत खाऊन झालेले होते.

घराण्याचा दोष किती?

आजींचा दुसरा प्रश्न हमखास असतो, “आमच्या घराण्यात तर कुणाला नव्हतं!” हेही खरे असते. ज्यांना हा रोग होतो त्यांपैकी बहुतेकांच्या जवळच्या नात्यात तो कोणालाच नसतो. एकरूप जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहणीनुसार रोगी मुलाच्या भावंडाला तो होण्याचा संभव शंभरात सुमारे पाच-सहा एवढाच आहे. तेव्हा सासर-माहेरच्या रक्ताला बोल लावण्यात अर्थ नाही. या कारणावरून कोणा सुनेला टोमणे ऐकावे लागत असतील, तर ते अज्ञानाचे फळ होय.

तरी जनुकांचा काही वाटा आहेच, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा एचएलए या तबकांचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट, हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या प्रकारचे २६२ रोगी, दुसऱ्या प्रकारचे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ अशा पुण्यातील माणसांची त्यात तपासणी होती. युरोपीय लोकांवरून बनविलेली जनुकीय गुणपट्टी आपल्याकडेही दोन्ही मधुमेह वेगळे ओळखण्यास उपयोगी पडते, मात्र काही जनुकांचे वजन आपल्या लोकांत निराळे आहे, असे त्यांना आढळले. आपल्या देशात तरुण वयातच दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गर्दीत पहिल्या प्रकारचा रोगी हरवला आणि त्याला केवळ गोळ्या देण्यात आल्या, तर प्राणावर बेतते. म्हणून ही पारख महत्त्वाची.

रोग दुर्मीळ आहे असेही समजू नये. चेन्नईतील मुलांच्या नोंदींवरून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख मुलांमागे वर्षाला सुमारे साडेदहा नवे रोगी आढळले होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील असे रोगी आपल्या देशात सुमारे दोन लक्ष एकोणतीस हजार होते. हा आकडा जगात सर्वांत मोठा होता.

राखणदारांना आवरण्याचे प्रयत्न

संदेशाची साखळी समजली म्हणजे ती कोठे तोडता येईल याचा विचार मनात येतोच. १९८० नंतरच्या दशकात फ्रान्स व कॅनडा येथील डॉक्टरांनी कॅल्सिन्यूरिनला अडविणारे सायक्लोस्पोरिन नव्या रोग्यांना देऊन पाहिले. काहींचे इन्सुलिन सुटलेही. पण औषध थांबताच रोग परतला आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचे भय राहिले. नंतर सीटीएलए-४ लगामाची कृत्रिम प्रत, अबाटासेप्ट, वापरण्यात आली. २०११ सालच्या निष्कर्षानुसार तिने बीटा पेशींचा ऱ्हास सुमारे साडेनऊ महिने लांबविला.

सर्वांत लक्षणीय यश मिळाले ते सीडी-३ वर, म्हणजे घंटा वाजविणाऱ्या सोबत्यावर, हात ठेवणाऱ्या टेप्लिझुमॅब या प्रतिपिंडाला. ज्यांना अद्याप मधुमेह झाला नव्हता, पण रक्तात दोन किंवा अधिक प्रतिपिंड होते व साखर बिघडू लागली होती, अशा ७६ जणांवर त्याची परीक्षा झाली. औषधाचा क्रम केवळ चौदा दिवसांचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार औषध न मिळालेल्यांत रोग प्रकट होण्याचा मध्यम काळ सुमारे चोवीस महिने होता. औषध मिळालेल्यांत तो अठ्ठेचाळीस महिने झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने आठ वर्षांवरील अशा व्यक्तींसाठी त्यास मान्यता दिली. हा रोग लांबविणारे ते पहिलेच मान्यताप्राप्त औषध ठरले. आईबापांना विचारा, मुलाच्या आयुष्यातली दोन वर्षे सुईवाचून जाणे म्हणजे काय असते!

परंतु अवास्तव आशा बाळगणे योग्य नव्हे. हे औषध रोग लांबविते, नाहीसा करीत नाही. त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. आणि येथेच तांबरमची आठवण पुन्हा होते. क्षयाच्या जंतूला फुप्फुसात वर्षानुवर्षे कोंडून ठेवणाऱ्या पेशीही टी पेशीच होत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे एकतीस भारतीयांच्या अंगी क्षयाची लागण आढळली. त्यांतील बहुतेक धडधाकट असतात, कारण राखणदार जागे असतात. मधुमेहासाठी त्यांना गुंगवावयाचे, तर कोंडलेला जंतू मोकळा होणार नाही याची आधी खात्री करून घ्यावी लागते. राखणदार मारले जाण्याचे दुःख जेथे जवळून पाहिले गेले, त्या गावाला हा तोल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

घरात काय करावे?

तेव्हा नवी औषधे येतील तेव्हा येतील. आज मुलाचे प्राण इन्सुलिनवर आहेत. पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात.

मूल फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, सुटलेली सवय मोडून अंथरूण ओले करू लागले, खाऊनही वाळू लागले, तर उकाड्याला किंवा दृष्टीला दोष न देता त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. बोटाच्या एका थेंबाने काही क्षणांत ती कळते. ओकाऱ्या, पोटदुखी, खोल श्वास व फळासारखा वास ही लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर कित्येकदा इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. उरलेल्या बीटा पेशींना थोडी उसंत मिळाल्याने असे घडते. नेमक्या याच वेळी कोणी काढा सुचवितो, कोणी अंगारा देतो आणि ‘गुण आला’ अशी समजूत होऊन सुई बंद केली जाते. ही चूक जीवघेणी आहे. आपल्या श्रद्धेचे जे करावयाचे ते करा, पण इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. ताप आला, मूल जेवले नाही, तरीही ते पूर्णपणे थांबवू नये. मात्रा डॉक्टरांना विचारावी.

मूल घामाघूम झाले, थरथरू लागले, चिडचिडे किंवा गुंगल्यासारखे झाले, तर साखर उतरली असे समजून लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. ही माहिती शाळेतील बाईंनाही अवश्य द्यावी. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची कुपी न गळणाऱ्या डबीत घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सावलीला ठेवावी. आणि मुलगी असेल तर तिच्या औषधावरील खर्च हा मुलाइतकाच हक्काचा समजावा. लग्नाच्या काळजीने तिचा रोग लपवू नये. नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील अशा मुलांना अनेक वर्षे इन्सुलिन पुरविले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ साली या रोगाच्या उपचारांविषयी मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली आहे.

आपल्या कथेतील कुटुंबाकडे अखेरीस वळू या. उन्हाळ्याच्या सुटीत आजी साताऱ्याहून येतात. नात स्वतःच्या हाताने पोटाला सुई टोचून घेते, ते पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. “कुणाची नजर लागली गं तुला?” त्या म्हणतात. नात शाळेत निबंध म्हणून दाखवावा तशा ऐटीत सांगते, “नजर नाही आजी. माझे राखणदार जरा जास्तच कडक आहेत. त्यांना घरातली माणसं ओळखू येईनात.”

आजी क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, “मग तुझ्या धाकट्या भावाला तरी आज पुरणपोळी मिळू दे. आणि तुला किती चालेल, ते तुझी आई मोजून सांगेल.”

आईच्या मनावरचे ओझे त्या दिवशी पहिल्यांदा थोडे हलके होते.